शिक्का कोणाचा, साक्ष कशाची? नोटरीच्या गोल ठशामागचा इतिहास

१/ पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी शिक्षणात एक वर्षाचा खंड का पडला, याचे प्रतिज्ञापत्र मला द्यावे लागले. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या परिसरात मी ते करून घेतले. नोटरी असलेल्या वकिलांनी माझे आधार कार्ड पाहिले, नाव विचारले, नोंदवहीत सही घेतली आणि कागदावर गोल शिक्का उमटवला. खंडाचे जे कारण मी लिहिले होते ते खरे आहे का, हे मात्र त्यांनी विचारले नाही. त्या वेळी मला याचे आश्चर्य वाटले. आजचा धागा त्या आश्चर्यातून सुरू झाला आहे.

२/ तसाच गोल शिक्का आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेतील एका कागदावरही आहे. दक्षिण नागपुरातील एका लहानशा भूखंडाचा तो करारनामा. 'प्लॉटची नोटरी झाली आहे' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि घरात त्याचा अर्थ 'प्लॉट आपल्या नावावर आहे' असाच घेतला जात होता. एका कागदावर खंडाचे कारण, दुसऱ्यावर कुटुंबाची आयुष्यभराची बचत; शिक्का मात्र एकच. तो नेमकी कशाची साक्ष देतो, याचे उत्तर इतिहासात शोधू.

३/ आरंभ आपल्याच मुलखातून करू. आदिलशाही-निजामशाहीच्या काळापासून पेशवाईपर्यंत वतनाचा किंवा हद्दीचा तंटा निकाली निघाला की 'महजर' तयार होई. मजलिस भरे, तीत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार बसत. हजर असलेल्यांची नावे कागदाच्या माथ्यावर नोंदली जात. मुसलमानी अमलातील महजरांवर काझीची मोहोरही दिसते. निवाडा तोंडी होई, पण त्याची आठवण कागदावर उतरे आणि तो कागद वतनदाराच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई.

४/ या महजरांत मनाला सर्वाधिक भिडते ती निरक्षरांची सही. पाटील-कुणबी नांगराची निशाणी करीत, शेटे तराजूची, आणि बाकीचे बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची. अक्षर येत नसले तरी माणसाची ओळख कागदावर उतरत असे. निशाणी करणारा माणूस बांधाशेजारी राहणारा असे. हद्दीचा दगड कुठे होता, वतन कोणाच्या आज्याने भोगले, हे त्याला ठाऊक असे. त्यामुळे 'हा माणूस तोच आहे' आणि 'हा म्हणतो ते खरे आहे' या दोन्ही गोष्टींची साक्ष तो एकाच निशाणीने देई.

५/ भोसल्यांच्या नागपूर राज्यातही व्यवस्थेचा पाया हाच होता. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने या राज्यावर लिहिलेला अहवाल १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गावचा पाटील आणि गावचे दफ्तर सांभाळणारा पांड्या यांची माहिती येते. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कुलकर्णी म्हणत, त्याला इकडे पांड्या म्हणत. पुढे इंग्रजी अमलात पटवारी हा शब्द रुळला आणि विदर्भातील शेतकऱ्याच्या तोंडी तो आजही आहे. कागदाचे मोल गावाच्या स्मृतीवर ठरे. लिहिणारा त्या स्मृतीचा कारकून होता.

६/ स्मृती अपुरी पडली तर काय करीत? तेव्हा देवाला साक्षीस बोलावीत. बेलभंडार उचलणे, गंगाजल हाती घेणे, आणि प्रकरण फारच गुंतले तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे आणि हात भाजला की नाही यावरून खरेखोटे ठरे. आज हे क्रूर वाटते. पण त्यामागची समजूत लक्षात घ्या: शपथ घेतली की तिचे सत्य कोणीतरी तपासणारच, गावाने नाही तर देवाने.

७/ कंपनी सरकारने १८४० च्या पाचव्या कायद्याने न्यायालयातील गंगाजलाची आणि कुराणाची शपथ बंद केली आणि तिच्या जागी गंभीर प्रतिज्ञा आणली. देवाची जागा दंडविधानाने घेतली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम १९३ हे खोट्या पुराव्याच्या शिक्षेचे कलम. आज तो विषय भारतीय न्याय संहितेत आहे. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' हे आपल्या प्रतिज्ञापत्रातील शब्द वाचताना मला या बदलाची आठवण होते. आता खरे बोलण्याची जबाबदारी सर्वस्वी बोलणाऱ्यावर आली. ऐकणारा केवळ ऐकल्याची नोंद करणार.

८/ ही 'केवळ नोंद करणारा' माणसाची परंपरा युरोपातली. लॅटिन 'नोटारियस' म्हणजे भराभर टिपणे घेणारा लेखनिक. मध्ययुगीन इटलीच्या व्यापारी शहरांत त्याचे महत्त्व फार वाढले. जेनोवा येथील जोव्हान्नी स्क्रिबा या नोटरीची ११५४ ते ११६४ या वर्षांची नोंदवही आजही शिल्लक आहे. अशा नोंदवह्यांमधील ती सर्वांत जुनी मानली जाते. जहाजात पैसा घालणारे, कर्ज काढणारे, मुलीचा हुंडा ठरवणारे लोक तिच्यात भेटतात. बंदरात आलेल्या परक्याला ओळखणारे गाव नसते. म्हणून ओळखीचे काम एका अधिकृत माणसाकडे सोपवावे लागले.

९/ इंग्लंडमध्ये नोटरी नेमण्याचा अधिकार मुळात पोपकडे होता. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले आणि १५३३ च्या कायद्याने तो अधिकार कॅंटरबरीच्या आर्चबिशपकडे आला. आर्चबिशपच्या वतीने 'मास्टर ऑफ द फॅकल्टीज' हा अधिकारी तो चालवी. इंग्रजांबरोबर ही व्यवस्था हिंदुस्थानातही पोहोचली. मुंबईतील एखाद्या नोटरीची सनद विलायतेतील धर्मपीठाच्या कचेरीतून आलेली असे, ही गोष्ट आज विचित्र वाटते. पण ब्रिटिश अमलात ती रीतसर होती.

१०/ या नोटरीचे मुख्य काम व्यापाराचे होते. परदेशी व्यापारातील विनिमयपत्र स्वीकारायला किंवा त्याचे पैसे द्यायला समोरच्याने नकार दिला, तर तो नकार अधिकृतपणे टिपावा लागे. त्याला 'प्रोटेस्ट' म्हणत. आपल्याकडे हेच जग हुंडीचे होते. दर्शनी, मुदती, शाहजोग असे तिचे प्रकार. ती सकारायची किंवा नाकारायची. हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. कामठी-नागपूरच्या बन्सीलाल अबीरचंद यांच्यासारख्या पेढ्या या विश्वासावर उभ्या राहिल्या. पेढीला नोटरीपेक्षा पत मोठी वाटे आणि तंटा झालाच तर महाजन पंच तो मिटवीत.

११/ १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टने दोन्ही जगांना जागा दिली. देशी भाषांत लिहिलेल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्याच्या पहिल्याच कलमात संरक्षण होते. त्याच कायद्याच्या शेवटी नोटरी नेमण्याचा अधिकार सरकारला देणारे एक कलम होते, आणि त्याचा क्रमांक होता १३८. होय, आज धनादेश न वटल्यावर ज्याची भीती घातली जाते तोच क्रमांक. नोटरींसाठी वेगळा कायदा झाल्यावर ती जागा रिकामी झाली. १९८८ च्या दुरुस्तीने तेथे धनादेशाचा गुन्हा आला आणि १ एप्रिल १९८९ पासून तो लागू झाला.

१२/ या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. महजरात जे एकत्र होते, त्याचे इंग्रजी राज्याने तीन खिडक्यांत विभाजन केले. पहिली खिडकी मुद्रांकाची. मुद्रांक म्हणजे दस्तावरचा कर. १८९९ चा भारतीय मुद्रांक कायदा आणि आपल्याकडे १९५८ चा मुंबई (आता महाराष्ट्र) मुद्रांक अधिनियम हा कर ठरवतात. स्टॅम्प पेपर कितीही किमतीचा असो, कर भरला गेला याखेरीज तो काहीही सिद्ध करीत नाही.

१३/ दुसरी खिडकी नोंदणीची. १८६४ पासून नोंदणीचे एकामागून एक कायदे झाले आणि १९०८ चा नोंदणी कायदा आजही लागू आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला की त्याची प्रत सरकारी दफ्तरात राहते आणि पुढचा खरेदीदार ती शोधू शकतो. गावाच्या स्मृतीची जागा खऱ्या अर्थाने या दफ्तराने घेतली. तिसरी खिडकी नोटरीची. 'अमुक माणसाने अमुक दिवशी माझ्यासमोर सही केली किंवा शपथ घेतली' एवढेच ती सांगते. करभरणा, हक्काची नोंद आणि सहीची साक्ष या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

१४/ नोटरी म्हटले की सगळीकडे असेच असते असे मात्र नाही. शेजारच्या गोव्याकडे पाहा. पोर्तुगिजांनी १८६७ ची आपली नागरी संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू केली. त्या परंपरेतील नोटरी स्वतः दस्त तयार करतो आणि मूळ दस्त त्याच्या पुस्तकातच राहतो. पक्षकारांना मिळते ती प्रमाणित प्रत. मृत्युपत्र, वारसांची निश्चिती, लग्नापूर्वीचे मालमत्तेचे करार त्याच्यापुढे होतात. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ही व्यवस्था टिकली. २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात तिला 'विशेष नोटरी' असे नावच आहे. सावंतवाडीहून पेडण्यात गेलात की शब्द तोच राहतो, पण त्याचे वजन बदलते.

१५/ उर्वरित भारतासाठी नोटरीचा कायदा १९५२ मध्ये झाला. स्वतंत्र देशातील माणसाने विलायतेतील संस्थेकडून अधिकार घ्यावा हे उचित नव्हे, ही त्यामागची एक भूमिका होती. तो १४ फेब्रुवारी १९५६ रोजी लागू झाला. त्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि ९ जानेवारी १९३६ रोजी स्थापन झालेले तिचे स्वतंत्र उच्च न्यायालय येथे भरत होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. राज्य बदलले, राजधानी गेली; नोटरीचा कायदा मात्र केंद्राचा असल्याने तसाच राहिला.

१६/ या कायद्याचे कलम ८ नोटरीची कामे सांगते. दस्तावरील सही साक्षांकित करणे, शपथ देणे आणि प्रतिज्ञापत्र घेणे, हुंडी किंवा वचनचिठ्ठी नाकारली गेल्यास तशी नोंद करणे, एका भाषेतील दस्ताचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करणे व ते पडताळणे, इतकेच काय, जहाजांच्या करारांची कामेही त्यात आहेत. नागपूरला समुद्र नाही. पण जेनोवाच्या बंदराची आठवण कायद्याने येथवर आणून ठेवली आहे. नोटरी होण्यासाठी वकिलाला सर्वसाधारणपणे १० वर्षांचा अनुभव लागतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ही अट ७ वर्षांची आहे. गोल शिक्क्याचा व्यास नियमाने ५ सेंटिमीटर.

१७/ शिक्क्याची ताकद कमी लेखू नका. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ८५ नुसार नोटरीसमोर केलेले व त्याने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र खरोखर त्या व्यक्तीनेच केले, असे न्यायालय गृहीत धरी. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या अधिनियमातही ही तरतूद आहे. परदेशातील मुलगा नागपुरातील आईच्या नावे मुखत्यारपत्र पाठवतो, तेव्हा सहस्र मैलांवरची सही त्याचीच आहे हे कोणी सांगायचे? नोटरीने. १९६१ चा हेगचा अपोस्टील करार भारताला २००५ पासून लागू झाल्याने ही साखळी अधिक सोपी झाली. अनोळखी माणसांच्या जगात ओळखीची हमी देणे हे लहान काम नव्हे.

१८/ घोटाळा होतो तो तिसऱ्या खिडकीतून दुसरीचे काम झाले असे समजल्याने. नागपूर शहर वाढत गेले तसे शेतजमिनींवर मंजुरीविना लेआउट पडले. '५७२' आणि '१९००' हे लेआउटचे आकडे जुन्या नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाहीत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा भूखंडांना नियमित होण्याची वाट दिली. पण या काळात कित्येकांचा व्यवहार स्टॅम्प पेपर आणि नोटरी यांवरच थांबला. रजिस्ट्रीचा खर्च वाचला, किंवा लेआउट मंजूर नसल्याने ती होऊच शकली नाही. आमच्या ट्रंकेतला कागद याच जातीचा.

१९/ कायदा याबाबत स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शंभर रुपये! ही मर्यादा १८८२ ची; आज तीत नागपुरातील वीतभर जागाही बसणार नाही. विक्री करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एकत्र करून केलेला व्यवहार मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. करारावर नोटरी असल्याने सही कोणाची याची साक्ष मिळेल. मालकी मात्र मिळणार नाही.

२०/ हाच गैरसमज लग्नाच्या आणि फारकतीच्या कागदांत दिसतो. नोटरीसमोर 'लग्न' झाले, नोटरीसमोर 'घटस्फोट' झाला, असे कागद घेऊन माणसे न्यायालयात येतात आणि त्यांचा फटका बहुधा स्त्रीला बसतो. नोटरी हा विवाह अधिकारी नाही. अशी कागदपत्रे करू नयेत, अशी ताकीद केंद्राच्या विधी व्यवहार विभागाने २०२४ मध्ये नोटरींना दिली.

२१/ आणि जेथे शिक्क्याची गरजच नाही तेथेही आपण रांगेत उभे राहतो. जात, उत्पन्न, रहिवास यांसारख्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ मध्येच माफ केले. २०१५ मध्ये अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र पुरे, असा निर्णय झाला. तरीही 'स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून आणा' हे वाक्य खिडकीपलीकडून ऐकू येतेच. गरिबाला त्या वाक्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत एका दिवसाच्या मजुरीएवढी असू शकते.

२२/ आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. खंडाचे कारण खरे आहे का, हे त्या नोटरींनी विचारले नाही, कारण ते त्यांचे काम नव्हते. ती जबाबदारी माझी होती, आणि खोटे लिहिले असते तर शिक्षाही माझी. महजरावर नांगराची निशाणी करणारा कुणबी हद्द जाणत होता. न्यायालयाच्या आवारातील नोटरी माझे शहाणपण जाणत नाही, माझ्या आजोबांचा प्लॉटही जाणत नाही. शिक्का त्याच जातीचा दिसतो म्हणून त्यामागे गावाचे ज्ञान आहे असे आपण धरून चालतो. गावाचे ज्ञान आता दुय्यम निबंधकाच्या दफ्तरात आहे आणि ते तेथेच जाऊन तपासावे लागते.

२३/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक शेवटची गोष्ट. जेनोवाच्या त्या नोंदवहीवरून बाराव्या शतकातील व्यापार समजतो. महजरांवरून गावगाडा समजतो. कायद्याने आजच्या प्रत्येक नोटरीलाही नोंदवही ठेवावी लागते. नाव बदलणारे, जन्मतारीख दुरुस्त करणारे, भाडेकरू, शिक्षणात खंड पडलेली मुले, अशी सगळी साधी माणसे तीत क्रमाने नोंदली जातात. राजेरजवाड्यांच्या बखरींत जी कधीच आली नाहीत ती या वह्यांत आहेत. त्या नीट जपल्या जाव्यात, असे मला मनापासून वाटते.

२४/ आमच्या ट्रंकेतला कागद मी पुन्हा वाचला. आजोबांची सही थरथरती, पण स्वच्छ मोडणीची आहे. शिक्क्याने त्या सहीची साक्ष प्रामाणिकपणे दिली आहे. न दिलेल्या वचनाचा दोष त्याला लावता येणार नाही. आता गुंठेवारीचे आणि नोंदणीचे काम आम्ही हाती घेतले आहे. आपल्या कपाटातही असा एखादा कागद असेल. या रविवारी तो काढा आणि पाहा: त्यावर मुद्रांक आहे, नोटरी आहे, की नोंदणीचा क्रमांक आहे? पहिल्या दोन्ही असून तिसरा नसेल, तर सोमवारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चौकशी करा.

धागा समाप्त. घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवलात तर अधिक आनंद होईल.